तीस सेकंदांची सायकल काय सांगते?

पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली आपल्या वस्त्यांतून पहाटे मैदान गाठतात. शंभर मीटर आणि सोळाशे मीटर, दोन्ही धावणेच. पण शरीर त्यासाठी ताकद सारखी आणत नाही. लांब पळताना श्वासातला ऑक्सिजन कामी येतो. काही सेकंदांच्या जोरात तो पुरेसा पोचायच्या आधीच स्नायू स्वतःच्या साठ्यातली ताकद खर्चून टाकतात. ही ॲनएरोबिक क्षमता.

ती मोजण्याची प्रसिद्ध पद्धत म्हणजे विंगेट चाचणी. १९७० च्या दशकात इस्रायलमधील विंगेट संस्थेत ती तयार झाली. जागेवरच्या सायकलवर आधी अंग गरम करायचे, मग ३० सेकंद जीव तोडून पॅडल मारायचे. चाकावर वजनाच्या हिशेबाने भार असतो, किलोमागे ७५ ग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या मुलाला साडेचार किलो. सर्वांत जोरदार पाच सेकंदांतली शक्ती, तीस सेकंदांची सरासरी आणि शेवटी जोर किती टक्के घसरला, एवढे त्यातून कळते.

आता मुलगा आणि मुलगी यांची तुलना. समजा, पॅडलच्या एका फेरीत चाक ६ मीटर फिरते. ६० किलोच्या मुलाने पाच सेकंदांत १० फेऱ्या मारल्या, तर सुमारे ५३० वॅट. ५० किलोच्या मुलीने पावणेचार किलो भारावर ९ मारल्या, तर सुमारे ३९७. मुलगी २५ टक्के मागे दिसते. पण दोन्ही आकडे वजनाने भागा: किलोमागे ८.८ आणि ७.९. फरक १० टक्क्यांवर आला! स्त्रीच्या शरीरात चरबीचे प्रमाण निसर्गतःच अधिक असते. म्हणून फक्त स्नायूंच्या वजनाने भागले, तर तो आणखी कमी होतो. शिवाय शेवटच्या सेकंदांत मुलींचा जोर बऱ्याचदा मुलांपेक्षा कमी घसरतो. ‘मुलींच्या अंगात ताकदच नसते’ म्हणणाऱ्या घरातल्या मोठ्यांनी हा भागाकार एकदा करून पाहावा, असे आम्हाला वाटते. मुलीने खरी तुलना करावी ती स्वतःच्या मागच्या महिन्याच्या आकड्याशी.

ही चाचणी घरी किंवा जिममध्ये गंमत म्हणून करू नये. नंतर चक्कर येते, उलटी होते. लगेच न उतरता काही मिनिटे हलके पॅडल मारत राहावे लागते. हृदयविकार, वाढलेले बीपी, ताप, गरोदरपण किंवा अंगात रक्त कमी असेल तर करूच नये.

विदर्भातल्या घरांना आमचे विशेष सांगणे. आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण तिथे जास्त आहे. एसएस रुग्णाने असा जोर लावूच नये. एएस वाहकाला एरवी काही त्रास नसतो, म्हणून तो बेफिकीर असतो. पण उन्हात, पाणी न पिता, न थांबता जोर लावला तर तोही कोसळू शकतो, क्वचित जिवावरही बेतते. वाहकाने खेळ सोडायची गरज नाही. दोन धावांमध्ये विश्रांती, भरपूर पाणी, आणि पाय दुखून गळून गेले तर तिथेच थांबणे. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. भरतीचा सराव सुरू करण्याआधी ती करून घ्या आणि निकाल प्रशिक्षकाला सांगून ठेवा.