गेममध्ये गाडी 'अपग्रेड' करूनही हरताय? आधी हे बघा

बारामतीहून इंदापूरला जाताना भवानीनगरच्या आसपास उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पाहिलाय ना? खालचा गिअर, ताकद भरपूर, वेग बेताचा. 'फोर्झा होरायझन ५'मधला फायनल ड्राइव्ह याच हिशेबाने चालतो. आकडा वाढवला की पिकअप वाढतो, टॉप स्पीड घटतो. वळणांच्या ट्रॅकवर तो वाढवा, लांब सरळ रस्त्यावर कमी करा. (त्यासाठी आधी स्पोर्ट ट्रान्समिशन बसवावं लागतं.)

बहुतेक जण मात्र पैसे आले की थेट इंजिनाला हात घालतात. गडबड तिथेच होते. गेम प्रत्येक गाडीला पीआय गुण देतो. ७०० पर्यंत बी क्लास, ७०१ पासून ए. नुसती ताकद वाढवून 'ए'मध्ये गेलात की समोर घट्ट पकडीच्या गाड्या येतात आणि तुमची वळणावर घसरते. म्हणून आधी टायर, सस्पेन्शन, ब्रेक. उरलेले गुण इंजिनाला.

गेममध्ये जमलं की एमएच-४२च्या खऱ्या गाडीवरही प्रयोग करावेसे वाटतात. तिथे रीसेटचं बटण नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ए नुसार नियमबाह्य बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.