श्रमिकांची सुटी आणि शाळेची वाट

अमेरिकेंत सप्टेंबर महिन्याचा पहिला सोमवार श्रमिकांचा दिवस म्हणून पाळला जातो. पुष्कळांस ती उन्हाळा सरतांना येणारी एक सुटी वाटते. परंतु ती कोणी सहज दिलेली नाहीं. १८८२ सालीं ५ सप्टेंबर रोजीं न्यूयॉर्क शहरांतील मध्यवर्ती कामगार संघाच्या आवाहनावरून सुमारें १०,००० कामकरी मिरवणुकीनें निघाले. तो दिवस सुटीचा नव्हता. पुष्कळांनीं दिवसाची मजुरी बुडविली. कामाचा दिवस ८ तासांचा असावा, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. मूळ कल्पना पीटर मॅग्वायर या सुताराची कीं मॅथ्यू मॅग्वायर या यंत्रकारागिराची, याविषयीं मात्र मतभेद आहेत.

१८८७ सालीं ऑरेगॉन राज्यानें या सुटीचा कायदा प्रथम केला. पुढें १८९४ च्या २८ जून रोजीं राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनीं ती राष्ट्रीय सुटी करणाऱ्या कायद्यावर सही केली. त्याच आठवड्यांत पुलमन कारखान्याच्या संपास पाठिंबा देणाऱ्या रेल्वे कामगारांनीं गाड्या अडविण्यास आरंभ केला होता, आणि जुलैंत सरकारनें सैन्य धाडलें. एका हातानें सुटी व दुसऱ्या हातानें बंदूक, असा तो प्रसंग होता.

ही सुटी संपली कीं न्यूयॉर्कसारख्या शहरांत शाळा उघडतात. अनेक राज्यांत तर त्या ऑगस्टांतच उघडलेल्या असतात. दोन महिने मोकळे असलेले रस्ते मुलांनीं गजबजतात, पण मोटार हांकणाऱ्याच्या अंगांतली उन्हाळ्याची संवय लगेच जात नाहीं. शाळेच्या बसगाडीचा पिवळा रंग १९३९ सालीं कोलंबिया विद्यापीठांत फ्रँक सायर यांनीं भरविलेल्या परिषदेंत ठरला. पहांटेच्या अंधुक उजेडांत त्या रंगावरील काळीं अक्षरें स्पष्ट वाचतां येतात, हें त्याचें कारण. ही गाडी तांबडे दिवे लावून थांबली म्हणजे मागील वाहनांनीं थांबलेंच पाहिजे; रस्ता दुभागलेला नसेल तर समोरून येणाऱ्यांनींहि थांबावयाचें असतें. उतरलेलें मूल पुष्कळदा बसच्या पुढूनच रस्ता ओलांडतें, आणि मागून पुढें घुसणाऱ्यास तें दिसतच नाहीं.

येथें गणित निर्दय आहे. ताशीं २० मैल वेगाची मोटार एका सेकंदांत सुमारें २९ फूट जाते, ४० मैल वेगाची सुमारें ५९ फूट. पाय ब्रेकवर पडेपर्यंत तेवढें अंतर निघून जातें. त्यानंतर गाडी थांबण्यास लागणारें अंतर वेग दुप्पट होतांच चौपट होतें.

१८८२ च्या त्या कामकऱ्यांनीं आपल्या वेळेची किंमत जगास पटवून देण्यासाठीं एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडलें. त्यांच्या नांवाची सुटी उपभोगून परतणाऱ्यानें पिवळ्या गाडीमागें मिनिटभर थांबण्यास कां कुरकुरावें? मिनिट पुढें भरून काढतां येतें. मूल परत आणतां येत नाहीं.