देव एक, की नाव एक?

सर्वधर्मसभा असो, सत्कार असो, नाहीतर शाळेचे स्नेहसंमेलन असो, अध्यक्ष भाषणाला उभे राहिले की एक वाक्य हमखास येते : "नावे निराळी, पण देव एकच!" टाळ्या पडतात, हारतुरे होतात आणि मंडळी आपापल्या देवाकडे परततात. वाक्य मोठे गोड आहे. परंतु ते खरे आहे काय, हे मात्र कोणी विचारीत नाही.

आपल्या मराठीतलेच उदाहरण घ्या. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्याने 'ख्रिस्तपुराण' रचले. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली रोमन लिपीत छापला गेला. त्यात ख्रिस्ती देव 'परमेश्वर' झाला आणि स्वर्गाचे 'वैकुंठ' झाले. ऐकणाऱ्याला वाटावे, हा आपलाच कोणी पुराणिक! पण ज्या साष्टीत या ओव्या घुमल्या, तिथली देवळे पोर्तुगीज अंमलात १५६७ च्या सुमारास पाडली गेली होती. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे बंद झाली होती. त्यांच्या जागी हे नवे पुराण आले. शब्द आपला, ओवी आपली. पण पाडलेल्या देवळातला देव आणि आपला परमेश्वर एकच, असे स्टीफन्सने खचित म्हटले नसते.

आता याच्या उलट गोष्ट पाहा. अरबी बोलणारे ख्रिस्ती लोक पिढ्यान्‌पिढ्या देवाला 'अल्ला' असेच म्हणतात. मलेशियातले अनेक ख्रिस्तीही मलय भाषेत तसेच म्हणतात. परंतु तिथल्या एका कॅथलिक साप्ताहिकाने हा शब्द छापण्यावरून सरकारशी तंटा झाला. २००९ च्या अखेरीस उच्च न्यायालयाचा निकाल साप्ताहिकाच्या बाजूने लागला आणि जानेवारी २०१० मध्ये चर्चवर हल्ले झाले. २०१३ साली अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. देव एकच म्हणावा, तर नावावरून आग का लागावी?

तात्पर्य, नाव एक असल्याने देव एक ठरत नाही, आणि नाव वेगळे म्हणून वेगळाही ठरत नाही. मग ठरवायचे कसे? एखाद्या गृहस्थाविषयी दोघे शेजारी भांडत असतात. एक म्हणतो, तो दयाळू. दुसरा म्हणतो, कठोर. दोघांचे मत जुळत नाही, तरी माणूस एकच असू शकतो. किंबहुना तो एक आहे म्हणूनच भांडणाला अर्थ आहे. ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान तिघेही अब्राहामाच्या देवाची गोष्ट सांगतात. म्हणून त्यांचा वाद हा बहुधा एकाच देवाविषयीचा वाद आहे.

परंतु हीच फूटपट्टी सगळ्यांना लावता येत नाही. जैन धर्म सृष्टिकर्ता ईश्वर मानीत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. ज्यांनी विचारपूर्वक नकार दिला, त्यांना आपण व्यासपीठावरून सांगायचे की "तुमचाही देव तोच"? हे औदार्य नव्हे. दुसऱ्याचे न ऐकताच त्याला आपल्या घरचा ठरवून टाकणे आहे.

मग काय, भांडतच बसायचे? इथे मला नाथांची आठवण होते. सोळाव्या शतकातल्या त्यांच्या 'हिंदु-तुर्क संवादा'त दोघे एकमेकांच्या शास्त्रांची यथेच्छ टिंगल करतात. कोणी कोणाला सोडीत नाही. आणि शेवटी दोघे एकमेकांना आलिंगन देतात! आपल्या सभांत आलिंगन आधी होते आणि भांडण मागाहून, रस्त्यावर. नाथांनी क्रम उलटा ठेवला. आधी मनातले सगळे बोलून घ्या, मग गळ्यात पडा.

देव एक आहे की नाही, याचा निकाल लावायला मी समर्थ नाही. पण शेजारी धर्माने सुखरूप राहावा म्हणून त्याचा देव माझाच असला पाहिजे, ही अट मला मान्य नाही. या दिवाळीत फराळाचे ताट शेजारी जाईल, तेव्हा त्याला निदान एकदा विचारू या : "तुमच्याकडे काय मानतात हो?" आणि उत्तर पुरते ऐकू या.