दंतवैद्यक प्रवेशपरीक्षा आणि उद्योगपट्ट्यातील विद्यार्थी

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तेव्हा भोवतालची गावे शेतीवर जगणारी होती. पुढे औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती आल्या, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली आणि कारखानदारीची ही रेघ पुणे-नाशिक रस्त्याने कुरुळी, चाकण, निघोजे, महाळुंगे या गावांपर्यंत सरकली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून, तसेच परप्रांतांतूनही येथे आलेल्या कामगारांची दुसरी पिढी आज येथील कनिष्ठ महाविद्यालयांत शिकत आहे. यंत्रावर काम करणाऱ्या पित्याला आपली मुलगी दंतवैद्य व्हावी असे वाटू लागले आहे, ही समाधानाची बाब होय. मात्र त्यासाठी द्यावयाच्या परीक्षेविषयी घरोघरी जितकी उत्कंठा दिसते, तितकी नेमकी माहिती दिसत नाही. ही माहिती ज्यांच्याकडून सहज मिळू शकेल असे लोक म्हणजे गावातील शिक्षक, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि महसूल खात्यातील कर्मचारी. त्यांच्यासाठीच हे विवेचन आहे.

दंतवैद्यक पदवीला, म्हणजे बी.डी.एस.ला, वेगळी प्रवेशपरीक्षा नाही ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि एम.बी.बी.एस.साठी असलेली 'नीट' हीच परीक्षा दंतवैद्यकासही लागू झाली. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण झालेली असावीत. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गास ५० टक्के, तर राखीव प्रवर्गांस ४० टक्के गुण आवश्यक असतात. २०२५ च्या परीक्षेत १८० प्रश्न, ७२० गुण आणि १८० मिनिटे असे प्रमाण होते. त्यांपैकी ९० प्रश्न एकट्या जीवशास्त्राचे होते. त्या वर्षी सुमारे २२ लाख विद्यार्थी परीक्षेस बसले व १२ लाखांहून अधिक पात्र ठरले. देशातील बी.डी.एस.च्या जागा मात्र २८ हजारांच्या आसपास आहेत. पात्र ठरणे आणि जागा मिळणे यांत केवढे अंतर आहे ते यावरून दिसेल. 'मुलगा नीट पास झाला' म्हणून पेढे वाटणाऱ्या कुटुंबास पुढे जो धक्का बसतो, त्याचे मूळ या दोन आकड्यांत आहे.

तयारी कोठून करावी?

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ठरविलेला अभ्यासक्रम एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावी व बारावीच्या पुस्तकांशी जुळणारा आहे. राज्य मंडळाचा विद्यार्थी मंडळाची पुस्तके वाचतो आणि दोहोंतील फरक त्यास उशिरा कळतो. २०२४ च्या परीक्षेपासून हा अभ्यासक्रम कमी करण्यात आला. घनावस्था, बहुवारिके यांसारखी प्रकरणे वगळली गेली. राज्य मंडळाने २०१९ व २०२० मध्ये काढलेल्या पुस्तकांत ती आहेत. वगळलेल्या प्रकरणांत पचनसंस्थेचे प्रकरणही आहे, आणि दातांची रचना व दंतसूत्र त्याच प्रकरणात येत असे! दंतवैद्य होऊ इच्छिणाऱ्याच्या परीक्षेतून दातच गळाले, असे कोणी गमतीने म्हटल्यास त्यास दोष देता येणार नाही. बारावीच्या परीक्षेसाठी मंडळाचे सर्व धडे लागतातच. पण जुने मार्गदर्शक ग्रंथ रद्दीच्या दुकानातून आणून त्यांवर रात्री खर्ची घालणाऱ्या विद्यार्थ्यास शिक्षकाने त्या वर्षीचा अभ्यासक्रम छापून हाती द्यावा. या कामास पैसा लागत नाही.

याच बदलात भौतिकशास्त्रात प्रयोगकौशल्यांचे स्वतंत्र प्रकरण आले असून त्यात व्हर्नियर कॅलिपर व स्क्रू गेज ही उपकरणे आहेत. चाकणच्या कारखान्यांतील टूलरूममध्ये काम करणारा फिटर किंवा टर्नर ही मोजमापे रोज करतो. उपकरणाचे लघुतम माप, शून्याची त्रुटी, ती मिळवावी की वजा करावी, हे त्याच्या बोटांना ठाऊक असते. पुस्तकातील आकृतीपेक्षा वडिलांच्या हाताखालचा अर्धा तास येथे अधिक उपयोगी पडेल. एरवी ही परीक्षा हातांची पारख करीत नाही. कॅनडात दंतवैद्यकाच्या प्रवेशचाचणीत पूर्वी साबणाच्या वडीवर कोरीव काम करून दाखवावे लागे. आपल्याकडे मात्र प्रवेश मिळाल्यावर मेणातून दात कोरावयास बसविले जाते, आणि कारागिराच्या घरातील मुलांचा अंगचा गुण तेव्हा प्रथमच उपयोगास येतो.

अकरावीचे वर्ष बहुतेकांकडून वाया जाते, कारण त्या वर्षाअखेर मंडळाची परीक्षा नसते. प्रवेशपरीक्षेत मात्र अकरावीच्या भागावर बारावीइतकाच भर असतो. दोन वर्षांसाठी मुलास लातूरला ठेवण्याची पद्धत या पट्ट्यात रूढ होत आहे. ज्यांचे आप्त तेथे आहेत त्यांना ते सोयीचेही असेल. परंतु कर्ज काढून शिकवणीचे शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी मुलाची अकरावीची पहिली सहामाही पाहावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांस नागपूरची 'महाज्योती' ही शासकीय संस्था विनामूल्य ऑनलाइन प्रशिक्षण देते. त्यासाठीचा अर्ज दहावीनंतर लगेच करावयाचा असतो.

आता गुणांच्या हिशेबाविषयी. बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरास १ गुण वजा होतो. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला, तर असे २० प्रश्न सोडविल्यावर सरासरीने ५ बरोबर येतील. म्हणजे २० गुण मिळतील, १५ जातील आणि हाती ५ राहतील. दोनच बरोबर आले तर मात्र उलट १० गुण जातात. तेव्हा अंधारात बाण मारण्यात लाभ नगण्य व धोका मोठा. दोन पर्याय निश्चित चूक आहेत असे कळले, तर गोष्ट निराळी. अशा प्रत्येक प्रश्नामागे सरासरी दीड गुणाचा लाभ होतो आणि तो प्रश्न सोडून देणे हेच नुकसानीचे ठरते. हा फरक फळ्यावर एकदा मांडून दाखविण्यास दहा मिनिटे पुरतात.

प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते. मराठीचा पर्याय निवडणाऱ्यास मराठी व इंग्रजी असे दोन्ही पाठ एकाच पुस्तिकेत दिले जातात, आणि शंका उद्भवल्यास इंग्रजी पाठ ग्राह्य धरला जातो. दहावीपर्यंत मराठीत शिकून पुढे विज्ञान इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलास हा आधार मोठा आहे. तथापि 'सूत्री विभाजन' आणि 'मायटॉसिस' हे एकच, याची दुहेरी ओळख आधी झालेली असावी. परीक्षेच्या दालनात शब्दकोश उघडता येत नाही.

परीक्षा दुपारी २ वाजता सुरू होत आली आहे. दोन खोल्यांच्या घरात रात्रपाळीहून आलेले वडील दुपारी झोपलेले असतात, आणि नेमक्या याच वेळी सलग तीन तास बसण्याचा सराव मुलास हवा असतो. ग्रामपंचायतीचे सभागृह किंवा शाळेची एक खोली रविवारी दुपारी उघडी ठेवल्यास ही अडचण दूर होते.

कागदपत्रे

अभ्यासाइतकीच, किंबहुना काकणभर अधिक, हानी कागदपत्रांच्या दिरंगाईने होते. शासकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्याच्या सी.ई.टी. कक्षामार्फत भरल्या जातात व १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात जातात. राज्याच्या कोट्यासाठी, काही अपवाद वगळता, महाराष्ट्राचा अधिवास हवा आणि दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा राज्यातील संस्थेतून उत्तीर्ण व्हावयास हव्यात. मुलाने दहावी उत्तर प्रदेशात आजीकडे राहून केली आणि बारावी चाकणला केली, तर तो या कोट्याबाहेर जाऊ शकतो. परप्रांतीय कामगार कुटुंबांना हे कोणी वेळेवर सांगत नाही.

राखीव जागेसाठी जातवैधता प्रमाणपत्र लागते. या पट्ट्यातील खरी अडचण अशी की जातीचे प्रमाणपत्र हल्लीच्या राहत्या ठिकाणाहून मिळत नाही. अनुसूचित जाती व जमातींसाठी १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १९६७ या वर्षांतील ठराविक दिनांकास कुटुंबाचे वास्तव्य जेथे होते, तेथील सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. म्हणजे भोसरीत जन्मलेल्या मुलीसाठी आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा धाराशिवच्या एखाद्या खेड्यातून आणावा लागतो, अथवा कोतवाल बुकातील नमुना १४ ची नक्कल तहसिलातून मिळवावी लागते. जुन्या नोंदी जीर्ण असतात, नावांत फरक असतो आणि पडताळणी समितीपुढे प्रकरण महिनोन् महिने चालू शकते. अकरावीत प्रवेश घेताच हे काम सुरू केल्यास ते वेळेत उरकते, निकालानंतर सुरू केल्यास बहुधा नाही. मूळ गावच्या ग्रामसेवकाने वा सरपंचाने दप्तर शोधून देण्याची तसदी घेतली, तर दीडशे कोसांवरील मुलीचे वर्ष वाचते. उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला मात्र निराळा असतो. केंद्राच्या जागांसाठी तो केंद्राच्या नमुन्यात लागतो, हेही अनेकांस ठाऊक नसते.

आता महाविद्यालयांकडे वळू. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे राज्य शासनाची दंत महाविद्यालये आहेत. मुंबई महानगरपालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय १९३३ पासूनचे आहे. पिंपरीकरांच्या नजरेसमोर असलेले संत तुकारामनगरचे डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय हे अभिमत विद्यापीठाचा घटक असल्यामुळे तेथील जागा राज्याच्या नव्हे, तर केंद्रीय समुपदेशन समितीच्या फेऱ्यांतून भरल्या जातात. अभिमत विद्यापीठांसाठीच्या नोंदणीस गेली काही वर्षे २ लाख रुपयांची परत मिळणारी अनामत भरावी लागत आहे. ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल प्रवर्गातील मुलींना जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षणशुल्काची पूर्ण सवलत दिली. ही सवलतही अभिमत विद्यापीठांस लागू नाही. महाविद्यालय घराजवळ आहे म्हणून पसंतीक्रमात ते पहिले लिहिणाऱ्या कुटुंबाने हे आधी जाणून घ्यावे. पसंतीक्रम भरताना प्रत्येक महाविद्यालयाच्या नावापुढे ते शासकीय, खाजगी की अभिमत हे विद्यार्थ्याने स्वतः लिहून ठेवावे. खाजगी महाविद्यालयांचे मंजूर शुल्क राज्याच्या शुल्क नियामक प्राधिकरणाकडे पाहावयास मिळते. मध्यस्थाने सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून पाहिल्यावाचून कोणतीही रक्कम देऊ नये.