खंडाळा, व्हाया सातारा

शिरवळहून खंडाळ्याला निघालेली एसटी खंडाळ्यात न थांबता सरळ पुढे गेली, खंबाटकीचा घाट ओलांडून पार साताऱ्याला पोचली, तिथे वळसा घेऊन बोगद्यातून परत आली आणि मग कुठे तिने खंडाळ्याचे प्रवासी उतरवले, तर? असा मार्ग कोण आखेल? पण हुबेहूब अशाच मार्गाने एक नस तुमच्या गळ्यात येते. तिच्याशिवाय तुम्हाला हे वाक्य मोठ्याने वाचता येणार नाही.

मेंदूतून निघालेली व्हेगस नावाची मोठी नस मानेतून खाली छातीकडे उतरते. तिच्यातल्या काही तंतूंना जायचं असतं स्वरयंत्रात, म्हणजे गळ्याच्या घाटीत. उतरताना ते घाटीच्या शेजारूनच जातात. मग तिथेच वळतात का? छे! डाव्या बाजूचे तंतू छातीत शिरतात, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीखालून वळतात आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून पुन्हा वर चढतात. उजवी नस हाताकडे जाणाऱ्या धमनीखालून आधीच वळते. तिचा फेरा घाटापलीकडच्या सुरूरपर्यंतचाच म्हणा. जिराफाच्या लांबलचक मानेत हीच नस चार मीटरांहून जास्त भरते, आणि तीही येते छातीत जाऊनच.

का बरं? कारण गर्भ चारेक आठवड्यांचा असतो तेव्हा त्याला मानच नसते. हृदय अगदी वर, होऊ घातलेल्या गळ्याजवळ असतं आणि नस एका रक्तवाहिनीखालून सरळ आपल्या जागी जाते. पुढे मान लांबते, हृदय छातीत उतरतं आणि उतरताना ती रक्तवाहिनी नसेला आपल्याबरोबर खाली ओढून नेते. शंभरात जेमतेम एखाद्या माणसात उजवीकडची ही धमनी वेगळ्या रीतीने घडते. मग ओढायलाच कुणी नसतं आणि नस थेट वाटेने स्वरयंत्रात पोचते. थायरॉइडची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला हा एखादा माणूस कायम लक्षात ठेवावा लागतो.

कारण परतीच्या वाटेवरचा शेवटचा टप्पा थायरॉइडच्या अगदी पाठीमागून जातो. जेमतेम २० ग्रॅमची ही ग्रंथीसुद्धा मूळची तिथली नव्हे. ती जन्म घेते जिभेच्या मुळाशी आणि सातव्या आठवड्यापर्यंत मानेतून खाली सरकत श्वासनलिकेसमोर येऊन बसते. ती जिथून निघाली तो छोटा खळगा प्रत्येकाच्या जिभेच्या मागच्या बाजूला आजही असतो.

थायरॉइड काढताना या दोनेक मिलिमीटर जाडीच्या नसेला इजा झाली तर? एका बाजूची नस दुखावली तर त्या बाजूचा स्वरतंतू हलत नाही. आवाज घोगरा होतो, पाणी पिताना ठसका लागतो. पुष्कळदा हे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतं. दोन्ही बाजूंच्या नसा गेल्या तर मात्र श्वासच अडतो. स्वरतंतू जवळ आणायला अनेक स्नायू आहेत, पण दूर करून हवेला वाट द्यायला एकच जोडी! आणि तिलाही हुकूम मिळतो तो याच नसांकडून. दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलन या वैद्याने भर सभेत ओरडणाऱ्या डुकराच्या या नसा बांधून दाखवल्या होत्या. डुकराची धडपड चालूच राहिली, आवाज मात्र नाहीसा झाला. आवाज हृदयातून येतो असं मानणारे लोक समोर बसले होते!

आवाजाला आणखी एक नस लागते. थायरॉइडच्या वरच्या टोकाला, तिथल्या रक्तवाहिनीला खेटून ती जाते आणि स्वरतंतू ताणणाऱ्या स्नायूला चालवते. ती दुखावली तर रोजचं बोलणं बहुतेक ठीक राहतं. हरवतं ते तारसप्तक. आमेलिता गाली-कुर्ची या प्रख्यात ऑपेरा-गायिकेचं गलगंडाचं, म्हणजे फुगलेल्या थायरॉइडचं, ऑपरेशन १९३५ साली शिकागोत झालं, तेही फक्त जागा बधिर करून, कारण मधूनमधून तिला गायला लावून आवाज तपासायचा होता. पुढे तिचा आवाज पूर्वीसारखा राहिला नाही आणि दोष या नसेवर आला. तो निवाडा नंतरच्या अभ्यासकांनी खोडून काढायचा प्रयत्न केला, पण नसेला तिचं नाव चिकटलं ते चिकटलंच.

गलगंड सुश्रुतसंहितेलाही ठाऊक होता. पण तो कापायचा म्हणजे रक्ताचा पूर, कारण ग्रॅमला ग्रॅम लावून पाहिलं तर थायरॉइडइतकं रक्त शरीरात फार थोड्या अवयवांना मिळतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला असे कितीतरी रुग्ण टेबलावरच दगावत. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या थिओडोर कोखरने एकेक रक्तवाहिनी शांतपणे बांधत मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आणलं, आणि १९०९ चं नोबेल मिळवलं. आजही ऑपरेशननंतरचे पहिले चोवीस तास मानेवर बारीक नजर ठेवतात. आत रक्त साठून मान फुगली, श्वास कोंडू लागला, तर टाके खाटेवरच उघडावे लागतात.

थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये अनेकदा पूर्ण ग्रंथी काढतात, आणि गरज असेल तर उरल्यासुरल्या पेशी किरणोत्सारी आयोडीन देऊन संपवतात. या कामासाठी नावाजलेलं परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून चालू आहे. ग्रंथी गेली तरी तिचं काम रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक गोळी करते.

पण थायरॉइडच्या पाठीला चिकटलेल्या चार पॅराथायरॉइड ग्रंथींचं काय? प्रत्येकीचं वजन सुमारे ४० मिलिग्रॅम, रंग आसपासच्या चरबीशी मिळताजुळता. आणि त्यांचा सुगावा माणसाच्या आधी कुठे लागला? एका भारतीय गेंड्यात! लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला हा गेंडा १८४९ मध्ये मेला. शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनने त्याचं विच्छेदन करताना थायरॉइडजवळ एक छोटी पिवळसर ग्रंथी टिपली. १८८० मध्ये स्वीडनमधल्या उप्सालाच्या इवार सँडस्ट्रॉमने माणसातल्या ग्रंथींचं वर्णन छापलं, तेव्हा कुणी फारसं लक्षही दिलं नाही.

या चौघींची वाटचालही उलटीसुलटी आहे. गर्भात ज्या दोन वर जन्मतात त्या थायमस ग्रंथीबरोबर खाली घसरतात आणि खालच्या ठरतात. खाली जन्मलेल्या दोघी वरच राहतात. एखादी घसरत थेट छातीत पोचलेली असते. सर्जनने शोधायचं तरी कुठे?

आणि शोधावंच लागतं, कारण रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. त्या चुकून निघाल्या किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटला तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, हातापायांत गोळे येतात. थायरॉइडचं ऑपरेशन झालेल्या माणसाने मुंग्या आल्याचं ताबडतोब सांगावं ते यासाठी.

एखादी ग्रंथी सुटीच झाली तर सर्जन तिचे बारीक तुकडे करून मानेच्या, नाहीतर कोपराखालच्या स्नायूत पेरून ठेवतो. काही आठवड्यांत तुकड्यांना नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि ते कामाला लागतात. हातात पेरलेली ग्रंथी जगली का, हे पाहायला दोन्ही हातांतलं रक्त तपासतात. पेरलेल्या हातातून घेतलेल्या रक्तात तिचं संप्रेरक ठळकपणे जास्त भरलं, की समजायचं, गळ्यातली ग्रंथी हातात रुजली!