वाहून जाणारी उष्णता

हिवाळ्याच्या सकाळी पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतून जाताना, ज्यांना आपण बोलण्यात 'डाईंग मिल' म्हणतो त्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर तरंगणारी वाफ तुम्ही पाहिली असेल. तुमच्यापैकी कित्येकांचे वडील वा बंधू तेथेच कामास आहेत. ते पाणी बॉयलरमध्ये कोळसा जाळून तापविलेले असते. म्हणजे गटारावाटे जातो तो एका अर्थी कोळसाच होय.

आमच्या गोमंतकातील घरी न्हाणीतल्या भाणाखाली पाणी तापले की उरलेल्या निखाऱ्यांत आई फणसाच्या बिया भाजीत असे. शिल्लक उष्णता वाया दवडू नये, हे शहाणपण जुनेच आहे. परंतु कोमट सांडपाण्याने कढत पाणी कसे करावे? उष्णता आपण होऊन उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडेच जाते. विहिरीतील पाणी वर आणावयाचे तर जसे श्रम करावे लागतात, तसेच उष्णता वरच्या तापमानास न्यावयाची तर शक्ती खर्चावी लागते. हे काम करणारे यंत्र म्हणजे उष्णतेचा पंप. त्यातील द्रव सांडपाण्याची ऊब घेऊन उकळतो. त्याची वाफ कॉम्प्रेसरने दाबली की तिचे तापमान वाढते. मग ती स्वच्छ पाण्यास उष्णता देऊन पुन्हा द्रवरूप होते. घरातील फ्रिज हेच करतो. भाजीतील उष्णता काढून तो ती मागच्या बाजूस टाकतो.

ही कल्पना नवी नाही. विल्यम थॉमसन यांनी १८५२ साली ती मांडली, आणि १८५६ च्या सुमारास ऑस्ट्रियातील एबेन्से येथील मिठाच्या कारखान्यात पीटर फॉन रिटिंगर यांनी वाफ दाबून तीच पुन्हा वापरण्याचा प्रयोग केला. यंत्र अखंड चालविताना मिठाच्या पुटांनी मात्र अडथळा आणला.

आता थोडे गणित करू. १,००० लिटर पाणी ३० अंशांवरून ८० अंश सेल्सियसपर्यंत तापविण्यास ५८ युनिट उष्णता लागते. ४० अंशांच्या सांडपाण्यातून ती उचलली, तर विजेच्या एका युनिटामागे व्यवहारात सुमारे चार युनिट उष्णता मिळू शकते. म्हणजे वीज लागेल सुमारे साडेचौदा युनिट. पण तीच उष्णता १२० अंशांपर्यंत चढवावयाची झाल्यास एका युनिटामागे जेमतेम अडीच युनिट हाती येते. चढ जितका मोठा, तितका लाभ थोडा. म्हणून धुण्याचे पाणी किंवा बॉयलरला पुरवावयाचे पाणी तापविण्यास हा पंप योग्य. १३० अंशांवर होणारी पॉलिएस्टरची रंगाई किंवा त्याहूनही कितीतरी तप्त असा स्टेंटर त्याच्या आवाक्यात सहसा येत नाही.

पंप कोठे बसवावा, हा प्रश्न याहून अवघड आहे. आणि येथेच संगणक साहाय्यास येतो. कारखान्यातील कोणते प्रवाह थंड करावयाचे, कोणते तापवावयाचे, त्यांची तापमाने व उष्णता किती, हे सर्व आकडे देऊन संगणकात कारखान्याचे प्रतिरूप उभे करतात. त्यावरून दोन रेषा काढतात. त्या जेथे एकमेकींच्या सर्वांत जवळ येतात, त्या स्थानास 'पिंच' म्हणतात. ही पद्धत १९७० नंतरच्या दशकात बोडो लिनहॉफ प्रभृतींनी विकसित केली. पिंचच्या वर उष्णतेचा तुटवडा असतो, खाली ती शिल्लक असते. पंपाने खालची उष्णता उचलून वर द्यावी. तो सर्वस्वी वरच्या भागातच बसविला, तर जेथे मुळात तूट आहे तेथलीच उष्णता तो उचलील आणि ती बॉयलरला भरून द्यावी लागेल. सर्वस्वी खाली बसविला, तर विकत घेतलेली वीज ऊब होऊन गटारात जाईल. यंत्र उत्तम असूनही जागा चुकल्याने पैसा वाया जावयाचा!

प्रतिरूपात वेळेचाही हिशोब लागतो. रंगाई घाण्याघाण्याने होते. गरम पाणी दहा वाजता बाहेर पडले आणि गरज एक वाजता असली, तर मध्ये टाकी हवी. ती किती मोठी, हे संगणक आधीच सांगतो. परंतु जे आपण त्यास सांगितलेच नाही, ते तो जाणत नाही. सुरतेच्या सांडपाण्यात रंग असतो, धाग्यांचे तंतू असतात. ते नळ्यांत बसले की रिटिंगर यांच्या मिठाची गत होते. त्याची माहिती कोण देणार? रोज ती जाळी साफ करणारा कामगार! त्याला न विचारता केलेले प्रतिरूप अपुरेच राहील.

२०१९ साली गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुरतेत धुराड्यांतील सूक्ष्म कणांच्या परवान्यांचा बाजार सुरू केला. या कणांसाठीचा तो जगातील पहिलाच होय. तेव्हापासून येथे धुराला किंमत आली. कोळसा कमी जळाला, तर मालकाचा पैसा वाचेल, आणि त्या वसाहतीशेजारी राहणाऱ्या आपणा सर्वांचा श्वासही सुखाचा होईल.

मी कलाशाखेचा पदवीधर. यंत्रे घडविणे माझ्या हातचे नव्हे. ते तुमच्यापैकी कोणी करावे. मात्र यंत्र विकत घेण्यापूर्वी हिशोब मांडावा, आणि हिशोब मांडण्यापूर्वी काम करणाऱ्या माणसास विचारावे, एवढे ध्यानी ठेवा.