मनोरंजन उद्यानात सावकाश

सलग तीन दिवसांची सुट्टी जवळ आली की सौंसर-पांढुर्ण्याच्या दवाखान्यांतून एक ठरावीक प्रश्न ऐकू येऊ लागतो. "डॉक्टरसाहेब, पोरं मुंबईकडं न्यायचं म्हणतात. जाऊ का?" विचारणारे गृहस्थ बहुधा साठी ओलांडलेले, मधुमेह किंवा रक्तदाब असलेले, क्वचित दोन्ही. पूर्वी हाच प्रश्न पचमढीजवळच्या चौरागडच्या किंवा नागद्वारच्या यात्रेबद्दल विचारला जाई. आता तो खोपोलीच्या इमॅजिकाबद्दल किंवा हैदराबादच्या रामोजी फिल्मसिटीबद्दलही असतो. माझे उत्तर पूर्वी फार सोपे असे : औषधे बरोबर ठेवा आणि खुशाल जा. २०११ च्या दिवाळीनंतर ते बदलले.

त्या दिवाळीत आम्ही सहकुटुंब एका महानगराजवळच्या मनोरंजन उद्यानात गेलो होतो. रात्रभराचा रेल्वेप्रवास, सकाळी स्टेशनवर उतरून थेट उद्यानाचे दार. तिकिटाचे पैसे वसूल झाले पाहिजेत, हा आपल्या मध्यमवर्गाचा बाणा! बाबा तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते. मधुमेहाची गोळी त्यांनी नेमाने सकाळी आठला घेतली. न्याहारी मात्र "एवढा एक पाळणा झाला की करू" असे म्हणत पुढे ढकलली गेली. साडेअकराच्या सुमारास रांगेत उभे असताना त्यांना दरदरून घाम फुटला, जीभ अडखळू लागली आणि लोखंडी कठड्याला धरून ते खाली बसले. माझ्या मनात पहिला विचार हृदयविकाराचा आला. मी नाडी पाहत असताना माझ्या पत्नीने, जी डॉक्टर नाही, शेजारच्या टपरीवरून गोड थंड पेय आणून त्यांच्या ओठाला लावले. पंधरा मिनिटांत बाबा भानावर आले. रक्तशर्करा उतरली होती, दुसरे काही नाही. दिवसातून दहा रुग्णांना "गोळी घेतली की जेवणाला उशीर करू नका" असे बजावणारा मी, घरच्या रुग्णाच्या बाबतीत ते विसरलो होतो. ग्लुकोमीटरदेखील सौंसरलाच राहिला होता.

घरी परतल्यावर बाबा एवढेच म्हणाले, "मला काही झालं नाही रे, पण पोरांचा दिवस गेला." त्यानंतर बारा वर्षे सहलीचा विषय निघाला की ते आणि आई "घर राखायला कोणीतरी हवं" म्हणून मागे राहत. अशी घर राखणारी जोडपी आपल्या गावांत किती आहेत, हे मला पुढे रुग्णांशी बोलताना कळले. उद्यानातला प्रसंग पंधरा मिनिटांत निभावतो. घरातल्या वडीलधाऱ्यांनी स्वतःला सहलीतून कायमचे वगळून घेणे लवकर निभावत नाही. म्हणून या विषयावर स्मरणिकेत लिहावे असे वाटले.

मनोरंजन उद्यान ही जत्रेचीच पुढची पिढी आहे. जत्रेतले पाळणे एकेकटे उभे असतात. थीम पार्कमध्ये पाळणे, इमारती, संगीत, वेशभूषा हे सारे एखाद्या कथासूत्राभोवती गुंफलेले असते. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले आणि ही कल्पना जगभर पसरली. आपल्याकडे दिल्लीचे अप्पूघर १९८४ मध्ये, मुंबईच्या गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत खोपोलीजवळ इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले. जत्रेत माणूस तास-दोन तास रमतो. उद्यानाचे तिकीट दिवसभराचे असल्याने माणूस दिवसभर उभा राहतो. माझ्या अनुभवात थकवा पाळण्यांपेक्षा या उभे राहण्यातूनच अधिक येतो.

डॉक्टर वाचकांना पुढचा भाग नवा नाही. इतरांसाठी तो थोडा विस्ताराने लिहितो. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि सैलावतात. त्यांच्या दाबाने पायांतले रक्त वर हृदयाकडे ढकलले जाते. रांगेत तासभर स्तब्ध उभे राहिले की हा पंप बंद पडतो, रक्त पायांत साचते, आणि वृद्धांना, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना, भोवळ येते. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातले पाणी आधीच कमी झालेले असते. त्यातच स्वच्छतागृह शोधावे लागू नये म्हणून कित्येक आजी-आजोबा सकाळपासून पाणीच पीत नाहीत! अशा वेळी टाचा वर-खाली करणे, जागच्या जागी पावले टाकणे, आणि शक्य असेल तर घरातल्या एका तरुणाने रांगेत उभे राहून इतरांनी जवळच बाकावर बसणे, एवढ्यानेही बराच फरक पडतो. मात्र मधल्या वेळी रांगेत शिरू देतात की नाही, हे आधी विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट हवेची. आपल्या भागातला उन्हाळा कडक, पण कोरडा. घाम येतो आणि लगेच वाळतो. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. आपले वाळ्याचे कूलर याच तत्त्वावर चालतात. घाट उतरून कोकणात गेले की तेथील दमट हवेत घाम वाळत नाही, अंगावरून नुसता ओघळतो. पारा आपल्यापेक्षा पाच-सात अंशांनी खाली असूनही आपला माणूस तिथे लवकर कोमेजतो, आणि "आम्हाला उन्हाची सवय आहे" हा आपला अभिमान तिथे उपयोगी पडत नाही. त्यामुळे वृद्धांना घेऊन जायचे तर डिसेंबर-जानेवारी गाठावे, आणि तरीही दुपारी बारा ते तीन ही वेळ सावलीतल्या किंवा वातानुकूलित खेळांसाठी राखावी.

तिसरी गोष्ट अंतःकर्णाची. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. शरीर फिरले की त्यांतला द्रव हलतो आणि मेंदूला वर्दी जाते. डोळे एक सांगतात आणि कान दुसरे, तेव्हा मळमळ सुरू होते. घाटातल्या बसमध्ये पुस्तक वाचणाऱ्याला कान सांगतो 'गाडी वळते आहे', डोळे सांगतात 'पान स्थिर आहे'. मोठ्या पडद्यासमोर हलणाऱ्या खुर्चीत बसलो की उलटे होते : डोळ्यांना आपण उडतो आहोत असे दिसते आणि शरीर जवळजवळ जागेवरच असते. तेथे डोळे मिटले की भांडण मिटते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास अधिक होतो. वृद्धांमध्ये मळमळीपेक्षा तोल जाण्याची भीती मोठी असते. म्हणून खेळ संपल्यावर लगेच पायऱ्या न उतरता दोन मिनिटे बसावे, मग कोणाचा तरी हात धरून उठावे.

राहिले हृदय. जर्मनीतील डॉक्टरांनी निरोगी स्वयंसेवकांना हृदयालेख घेणारे यंत्र बांधून वेगवान रोलर कोस्टरवर बसवले, तेव्हा त्यांची हृदयगती मिनिटाला नव्वदच्या आसपासून दीडशेच्या पुढे गेली. ही धडधड श्रमाने आलेली नव्हे. खुर्चीला बांधलेला माणूस श्रम करीत नाही. ती भीतीची, ॲड्रेनलिनची. निरोगी माणसाला यात मौजच वाटते. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्याला, अलीकडे अँजिओप्लास्टी झालेल्याला, रक्तदाब आटोक्यात नसलेल्याला हा प्रयोग करण्याचे कारण नाही. गर्भवती, मानेच्या मणक्यांचा त्रास असलेले, हाडे ठिसूळ झालेले आणि नुकतीच डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेले, यांनीही वेगाचे खेळ सोडावेत. प्रवेशापाशी लावलेला सूचनाफलक कोणी वाचत नाही, म्हणून हे दवाखान्यातच सांगितलेले बरे.

जाता जाता एक गमतीदार अपवाद. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या डॉ. डेव्हिड वॉर्टिंगर यांना डिस्नेच्या एका विशिष्ट रोलर कोस्टरवर रुग्णांचे मूतखडे पडल्याचे ऐकू आले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने मूत्रपिंडाची सिलिकोनची प्रतिकृती तयार करून, तिच्यात खरे खडे घालून, ती पाठपिशवीत ठेवून कितीतरी फेऱ्या मारल्या. पुढच्या आसनांवर २४ पैकी ४ वेळा खडा सरकला. मागच्या आसनांवर ३६ पैकी २३ वेळा. हे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले आणि २०१८ साली त्याला इग नोबेल हे विनोदी पारितोषिक मिळाले. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मूतखड्याचे रुग्ण कमी नसतात. तरी कृपया कोणी हा उपचार चिठ्ठीवर लिहून देऊ नये.

आता आमच्या दुसऱ्या सहलीविषयी. २०२४ साली २६ जानेवारी शुक्रवारी आला. आई-बाबांना तयार करायला मला महिनाभर लागला. अखेरीस आईनेच अट घातली, "आम्ही पळणार नाही. तुमचं तुम्ही पळा, आम्ही बसू." ती अट आम्ही संपूर्ण सहलीलाच लावली. गुरुवारी रात्री नागपूरहून पुण्याची गाडी पकडली. शुक्रवारचा पूर्ण दिवस बहिणीकडे पुण्यात झोपेत आणि गप्पांत घालवला. शनिवारी उजाडताना निघून, वाटेत न्याहारी करून, दारे उघडण्याच्या वेळी इमॅजिकाला पोहोचलो. बाबांची गोळी न्याहारीच्या ताटासमोर, माझ्या देखत. उद्यानात वीसेक खेळ असतील. आम्ही सहा जणांनी मिळून पाहायच्या पाचच गोष्टी ठरवल्या होत्या.

सकाळी गर्दी चढण्याआधी 'आय फॉर इंडिया'. यात खुर्च्या अधांतरी राहतात आणि समोरच्या विशाल पडद्यावर भारताचा भूभाग आकाशातून दिसतो. आईने निम्मा वेळ डोळे मिटले, निम्मा वेळ पाहिले, आणि बाहेर आल्यावर निम्म्या भारताचे वर्णन केले. मग 'अलिबाबा', अंधाऱ्या गुहेतून संथ जाणारी गाडी. मग दीड तास जेवण आणि विश्रांती. मुलांना हा दीड तास जाचला, हे मान्य केले पाहिजे. दुपारी मुले 'राजासॉरस' नावाच्या होडीत बसली. शेवटी होडी उतारावरून पाण्यात झेपावते, म्हणून आई-बाबा काठावरच थांबले. त्या वेळी बाबांना मी सांगितले की हा राजासॉरस परदेशी नाही. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात सापडलेल्या हाडांवरून २००३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले, त्याच्या जबड्याचा एक भाग आपल्या जबलपूरकडचा मानला जातो, आणि त्याचे पूर्ण नाव 'राजासॉरस नर्मदेन्सिस'. बाबा निवृत्त शिक्षक. नातवंडे भिजून बाहेर आली तेव्हा त्यांना हा पाठ पुन्हा ऐकावा लागला. चौथी गोष्ट लाकडी घोड्यांचे चक्र, आणि पाचवी सायंकाळची मिरवणूक, जिच्यासाठी आम्ही अर्धा तास आधी जागा धरून बसलो.

माझ्या अठरा वर्षांच्या मुलासाठी मात्र पाचचा नियम शिथिल केला होता. चाळीस मीटर उंचीवरून ताशी १०५ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या 'नायट्रो'वर तो दोनदा बसून आला. सावकाश सहलीत तरुणांना बांधून ठेवू नये. त्यांनी सुटावे, ठरलेल्या वेळी ठरलेल्या बाकापाशी यावे. आमचा बाक स्वच्छतागृहापासून पन्नास पावलांवर होता आणि तो मी सकाळीच हेरून ठेवला होता. बाबांची साखर दुपारी तीनला तपासली. चांगली होती.

एक गोष्ट रस्त्याने जाणाऱ्यांसाठी. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी आणि जून २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यापर्यंत पूर्ण खुला झाल्यापासून आपल्याकडची बरीच कुटुंबे मोटारीनेच निघतात. सातशे किलोमीटरचा तो सरळ, एकसुरी रस्ता चालकाला उघड्या डोळ्यांनी झोप आणतो. दर दोन तासांनी थांबणे, दोन चालक असणे आणि रात्री बारा ते पहाटे पाच गाडी न चालवणे, हे मी रक्तदाबाच्या गोळीइतकेच आग्रहाने सांगतो. रविवारी दिवसभर उद्यान आणि सोमवारी सकाळी दवाखाना किंवा दुकान उघडायचे, असा बेत आखणाऱ्याला तर मी सरळ नाही म्हणतो.

सहव्यवसायी मित्रांना एक सुचवावेसे वाटते. सुट्टीआधी रुग्ण विचारायला आला की त्याला एका कागदावर औषधांची नावे आणि वेळा, साखर उतरल्याची लक्षणे, आणि कोणते खेळ टाळायचे हे मराठीत वा हिंदीत लिहून द्यावे, आणि तो कागद रुग्णाऐवजी बरोबर जाणाऱ्या सुनेच्या किंवा मुलाच्या हाती द्यावा. बरोबर ग्लुकोजची पुडी, जुनी वापरातली पादत्राणे आणि ग्लुकोमीटर. उद्यानाला आधी फोन करून चाकाची खुर्ची मिळते का, मधुमेही रुग्णाला स्वतःचे खाणे आत नेता येते का, हे विचारून घ्यावे. नियम ठिकठिकाणी वेगळे असतात, आणि दारावर वाद घालण्यात सकाळचा सर्वांत मोकळा तास जातो. ज्यांना एवढ्या लांब एकदम जायचा धीर होत नाही त्यांनी आधी नागपूरला जाऊन पाहावे. गोरेवाड्याच्या प्राणिउद्यानात जानेवारी २०२१ पासून सफारीच्या बसगाड्या आहेत, बसल्या जागी वाघ-अस्वल पाहता येतात आणि संध्याकाळी घरी परतता येते. बाबांनी यंदा तेथे जायचे ठरवले आहे. डब्याची जबाबदारी आईकडे आणि ग्लुकोमीटरची माझ्याकडे.